ताणावरचं गाणं

डिसेंबर लागला की माझ्या दुकानात माशा मारायचे दिवस येतात. कारंज्यात हायवेला लागून माझं मोटरपंपांचं दुकान आहे. आजोबांनी उघडलेलं, वडिलांनी वाढवलेलं आणि मी नुसतं सांभाळलेलं. वर्षभर कुणाची मोटर जळते, कुणाचा पाइप फुटतो, कुणाच्या स्टार्टरमध्ये पाल चिकटून मरते आणि माणूस धावत येतो. या दिवसांत मात्र अर्धा तालुका मोटरी बंद करून बसलेला असतो. संत्र्याच्या बागा ताणावर असतात.

ज्यांच्याकडे संत्री नाहीत त्यांना हे समजावून सांगावं लागतं. आंबिया बहार घ्यायचा तर झाडाचं पाणी महिना-दीड महिना तोडायचं. झाड तहानतं, पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळून जातात. बाहेरगावचा माणूस बाग पाहून हळहळतो. मग एक दिवस आळी खणून, खत घालून पाणी सोडायचं. थोड्या दिवसांत त्याच मरतुकड्या फांद्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात आणि ढाब्यावर जेवायला थांबलेले ट्रकवालेसुद्धा विचारतात, हा वास कशाचा. त्या वासाचं सगळे कौतुक करतात. मला तो सोसत नाही. फेब्रुवारीत मी दुकानाचं मागचं दार लावून घेतो आणि बायको विचारते, एवढं गरम होत असताना दार का लावलं. तिला कारण माहीत आहे, तरी विचारते.

आमच्याकडच्या चाळिशी ओलांडलेल्या कुणासमोरही ‘मोटर लाव’ एवढे दोन शब्द म्हणून पाहा. तो उरलेली ओळ म्हणेल, आणि तिसऱ्या वेळी आवाज फाडून म्हणेल. ते गाणं मी लिहिलं. पूर्वी मी हे रस्त्यात अडवून लोकांना सांगायचो. आता कुणी विचारलं तर म्हणतो, असेल कुणाचं तरी.

आम्ही तिघं होतो. मी गिटार वाजवायचो, म्हणजे नागपूरहून जुनी आणलेली एक लाल इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून मला येत होतं तेवढं करायचो. गजानन ड्रम वाजवायचा. त्याच्या काकाचा लग्नात वाजवायचा बँड होता, त्यामुळे ढोल, झांजा, ताशा सगळं घरचंच. आणि प्रमोद गायचा. प्रमोदला गाणं कुणी शिकवलं नव्हतं. बागेत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाका मारून मारून त्याचा आवाज तयार झाला होता. आम्ही रॉक बँड काढलाय असं गावात सांगितलं तेव्हा पहिल्याच माणसानं विचारलं, बँडसोबत घोडीपण देता का. वडील तर महिनाभर मला दुकानात ‘या बँडमास्तर’ म्हणूनच हाक मारत होते.

सरावाला जागा मिळत नव्हती. गजाननच्या घरी म्हातारी आजारी, माझ्या घरी वडील, आणि देवळाच्या सभामंडपात एकदा गिटार जोडली तर पुजाऱ्यानं फ्यूजच काढून नेला. प्रमोदच्या घरची बाग होती, बागेत विहिरीजवळ मोटरची खोली होती. बाग ताणावर गेली की ती खोली रिकामी. मोटर बंद, कुणाची ये-जा नाही आणि तिथे थ्री फेजचं कनेक्शन. दुपारी लाइन आली की आम्ही खोलीत शिरायचो. बँडचं नावही तेच ठेवलं, थ्री फेज. तीन जण, तीन तारा. त्या वयात एवढ्यावरही छाती फुगते.

खोलीत ऑइलचा आणि जळक्या वायरिंगचा वास असायचा. जाळीच्या खिडकीतून तहानलेली झाडं दिसायची. प्रमोदचे वडील, त्यांना मी काकाजी म्हणतो, दर दोन-तीन दिवसांनी बागेत फेरी मारायचे. वाजवणं त्यांना आवडत नव्हतं, पण त्यांनी एकदाही बंद करा म्हटलं नाही. एके दिवशी त्यांनी प्रमोदला आणि मला भल्या पहाटे बागेत बोलावलं. म्हणाले, ताण कधी तोडायचा हे शिकून घ्या. दुपारी पान लोंबतंच, ते पाहून उपयोग नाही. पान पाहायचं ते सकाळी, ऊन पडायच्या आधी. रात्रीच्या गारव्यानं पान पुन्हा उठलं असेल तर झाडात अजून दम आहे.

“अन सकाळी बी पान उठलं नाई,” काकाजी म्हणाले, “तं मंग तो ताण नसते. ते झाडाले मारणं असते.”

प्रमोदनं मान हलवली. मी घरी जाऊन वहीत लिहून काढलं. मला त्यात गाणं दिसलं होतं. झाडच मालकाला विनवतंय, एवढी साधी कल्पना.

*पान झालं पिवळं, जीव आला देठाले,*
*कोरड पडली घशाले, सांगू आता कोनाले,*
*मोटर लाव, मोटर लाव, मोटर लाव.*

घसा हा शब्द मीच घातला. आधी तिथे ‘मुळाले’ होतं. ते गाताना तोंडात बसत नव्हतं म्हणून बदललं. इतक्या वर्षांत त्या एका शब्दाशी मी जितका भांडलोय तितका बायकोशीही भांडलो नसेन.

तो काळ नव्वदच्या दशकाचा अगदी शेवटचा. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि दुकानाच्या गादीवर बसायच्या कल्पनेनंच मला धडकी भरायची. वडील वर्षभराची मुदत देऊन बसले होते. या गाण्यानं काही झालं तर झालं, नाही तर स्टार्टरचे डबे उघडत म्हातारं व्हायचं हे मला स्वच्छ दिसत होतं. प्रमोद माझ्याहून वर्षानं मोठा. त्याला असलं काही नव्हतं. त्याला बाग आवडायची, तंबाखू-सुपारीचा खर्रा आवडायचा, गायला आवडायचं. गाणं गाजलं नसतं तरी तो जन्मभर बागेत हाका मारत सुखानं राहिला असता. गरज माझी होती.

त्या डिसेंबरात त्याचा आवाज बसला. आधी आम्हाला वाटलं थंडी. मग वाटलं खर्रा. त्यानं खर्रा सोडला, दोन दिवसांनी पुन्हा धरला. आवाज तसाच. गाताना वरच्या पट्टीत गेला की आवाजाच्या कडेला खरखर यायची, आणि खरं सांगायचं तर ती ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. आधीचा त्याचा आवाज नुसता मोठा होता. आता त्यात काहीतरी होतं. मी गजाननला म्हटलंही, देवच पावला.

प्रमोद एकदा सायकल हातात धरून दुकानासमोर आला. घशात संत्र्याची साल अडकल्यासारखं वाटतं म्हणाला. गिळताना कानात कळ येते म्हणाला.

“वर्ध्याले दाखवून येऊ का एखांदे दिवशी? तू येतो का माह्यासंग?”

मी त्याला ताण द्यायचा सल्ला दिला. ही चूक आमच्या मुलुखातच होऊ शकते. दुसरीकडे कुणी म्हणालं असतं काढा घे, गुळण्या कर. मी म्हणालो, झाडाला देतात तसा घशाला ताण दे. पंधरा दिवस एक शब्द बोलू नकोस, गाऊ नकोस, मग बघ कसा बहार फुटतो. त्याला ते पटलं. संत्रेवाल्याच्या पोराला न पटून कसं चालेल. तो खरोखरच पंधरा दिवस बोलला नाही. घरात खुणा करायचा. त्याची आई मला भेटली तेव्हा हसत म्हणाली, काय जादू केली, पोरगं उलटून बोलत नाही आता.

सोळाव्या दिवशी आम्ही नागपूरला जायला निघालो. एका छोट्या स्टुडिओत दिवसभराची वेळ मिळाली होती. सकाळी सहाला बसस्टँडवर तिघं भेटलो. अजून उजाडायचं होतं, चहावाल्याची भट्टी नुकती पेटली होती. प्रमोदनं चहा सांगायला तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला तेव्हा ‘तीन’ एवढा शब्द कसाबसा बाहेर पडला. चहावाल्याला ऐकू गेला नाही. मग प्रमोदनं तीन बोटं दाखवली आणि माझ्याकडे पाहिलं.

मला त्या क्षणी काकाजींचं पान आठवलं. अंदाजानं नाही, अगदी स्पष्ट, त्यांच्या आवाजासकट आठवलं. रात्रभर गारव्यात राहून, पंधरा दिवस विसावा घेऊन सकाळी पान उठलेलं नव्हतं. मी ते पाहिलं, मला त्याचा अर्थ कळला आणि मी चहा प्यायलो. गरम चहानं घसा मोकळा होईल असं काहीतरी पुटपुटलो. मग बस लागली.

स्टुडिओत दुपारपर्यंत आवाज थोडा सुटला. तिथले रेकॉर्डिस्ट वयस्कर होते, कमी बोलणारे. दोन वेळा गाणं पूर्ण झालं, ठीकठाक झालं. तिसऱ्या वेळी शेवटच्या ‘मोटर लाव’ला प्रमोदनं जोर लावला आणि आवाज मधोमध फाटला. कापड टरकतं तसा, सरळ उभा. काचेपलीकडे तो गळ्यावर हात धरून वाकला. रेकॉर्डिस्ट म्हणाले, हे पुन्हा घ्यावं लागेल. प्रमोदही श्वास घेत म्हणाला,

“अजून एकदा घेतो. फाटून राह्यला.”

“राहू दे,” मी म्हणालो. “हेच पाह्यजे होतं.”

एवढंच झालं. एक गाणं कसं तयार झालं याची सगळी हकिगत एवढीच आहे.

कॅसेटच्या एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला नुसतं संगीत. लोक वैतागले, एका गाण्यासाठी अख्खी कॅसेट कशाला. माझ्या आईच्या हट्टापायी पहिली कॅसेट केळझरच्या गणपतीपुढे ठेवायला नेली. टेकडी चढताना प्रमोद दोनदा बसला. खाली उतरल्यावर त्यानं दुसऱ्यांदा विचारलं, वर्ध्याला जाऊ या का, इथून जवळच आहे. मी म्हटलं, आधी गाणं बाजारात जाऊ दे. कॅसेट बाजारात आली तेव्हा बागेत फुलं होती. काकाजींनी ताण वेळेवर तोडला होता.

गाणं पसरलं ते ट्रकांमुळे. कारंज्याच्या ढाब्यांवर मी स्वतः कॅसेटी ठेवून आलो. ट्रकवाल्यांनी एक इकडून नेली, एक तिकडून. महिनाभरात अमरावतीकडून येणारे ट्रक आमचंच गाणं वाजवत आमच्या दारावरून जायला लागले. कॉपीवरून कॉपी झाल्या, संगीत पुसट झालं, गजाननच्या झांजा तर ऐकूच येईनात, पण तो शेवटचा फाटका आवाज कुठल्याही कॉपीत टिकून राहायचा. लग्नसराईत तर वरातीत नवरदेवापेक्षा त्याचीच वाट पाहायचे लोक. वडिलांनी मला ‘बँडमास्तर’ म्हणणं सोडलं आणि दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगायला लागले, हे आमच्या सतीशचं गाणं. मी आयुष्यात तेवढा सुखी कधीच नव्हतो. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कसं लिहू.

कार्यक्रम मिळू लागले. प्रमोद दिवसभर गप्प राहायचा, संध्याकाळी स्टेजवर एक गाणं म्हणायचा. बाकीची गाणी मी माझ्या घोगऱ्या आवाजात ढकलायचो. तो बारीक होत चालला होता. घरी भाकर दुधात कुस्करून खातो हे त्याच्या आईनं सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं मला विचारलं नाही. नुसतं वर्ध्याच्या बसकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, गणपती उरकू दे.

गणपतीत बोरगाव मेघेला कार्यक्रम होता. मंडपाबाहेर रस्त्यापर्यंत माणसं. गाणं सुरू झालं आणि शेवटच्या ओळीच्या आधी गर्दी एका सुरात ओरडायला लागली, “फाड, फाड, फाड.” त्यांना वाटत होतं ही त्याची कला आहे. प्रमोदनं डोळे मिटले आणि फाडला. टाळ्या थांबेनात. माइक खाली ठेवून तो स्टेजमागे गेला. मी गेलो तेव्हा त्यानं रुमाल मुठीत लपवला होता. मूठ मी उघडायला लावली. मग मात्र दुसऱ्याच दिवशी आम्ही दाखवायला गेलो.

डॉक्टर समजूतदार होते. रागावले नाहीत. तक्रार कधीपासून आहे असं त्यांनी विचारलं, प्रमोदनं माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, डिसेंबरपासून. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. सुरुवातीला आला असतात तर नुसत्या रेडिएशनच्या शेकांवर भागलं असतं, कदाचित आवाजही राहिला असता, असं ते म्हणाले. आता स्वरयंत्र काढावं लागणार होतं. सोबत आलेले काकाजी बाकावर बसले होते. त्यांनी ‘डिसेंबर’ ऐकलं. त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला सांगता येणार नाही, कारण मी तिकडे पाहिलंच नाही.

ऑपरेशननंतर प्रमोद गळ्याला पडलेल्या छिद्रातून श्वास घ्यायचा, त्यावर ओला पंचा टाकून ठेवायचा. बोलायला पाटी-पेन्सिल. मी भेटायला गेलो तेव्हा मनात खूप काही ठरवून गेलो होतो. त्यानं पाटीवर लिहिलं, संत्र्याची तोड चालू झाली का? मी म्हणालो, दिवाळीनंतर. तेवढ्यात बाहेर रस्त्यावर एक ऑटो थांबला आणि त्यात आमचं गाणं लागलेलं होतं. प्रमोदचं बोट पाटीवर ठेका धरायला लागलं. पहिलं मोटर लाव, दुसरं मोटर लाव. तिसऱ्याला बोट थांबलं आणि त्यानं खिडकी लावायची खूण केली. मी खिडकी लावली आणि जे ठरवून गेलो होतो त्यातलं एक अक्षर न बोलता परत आलो.

त्यानंतर तो चार वर्षं जगला. बाग सांभाळली. विहिरीवरून मोटर लावायची असली की पूर्वी दुसऱ्या टोकाहून हाक द्यायचा. आता पंचा हलवायचा, आणि पंचा दिसावा म्हणून काकाजींनी धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, दोन झाडं छाटली. मी अधूनमधून जायचो. तो माझ्याशी पहिल्यासारखाच वागायचा. पाटीवर माझी टिंगलही लिहायचा, पोट सुटलं म्हणून. कधी एका शब्दानं दोष दिला नाही, आणि त्यामुळे मला कधी माफीही मागता आली नाही. बाग ताणावर असतानाच तो गेला. दुखणं पुन्हा वर आलं होतं. गजाननच्या काकांचा बँड अंत्ययात्रेत वाजवू का असं कुणीतरी विचारलं, तेव्हा काकाजी नुसते हात हलवून नको म्हणाले.

गाणं मात्र गेलं नाही. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, मग मोबाइल. डीजेवाल्यांनी माझे शब्द, गजाननचा ठेका, सगळं काढून टाकलं आणि शेवटचा फाटलेला तुकडा तेवढा कापून ठेवला. आता वरातीत तोच पुन्हा पुन्हा वाजतो, मशिनीच्या तालावर, वीस वीस वेळा. पोरं नाचतात. हा माणसाचा आवाज आहे हेही त्यांना कळत नसेल. मी वरातीत पाय दुखतात म्हणून मागे राहतो.

प्रमोद गेल्यापासून पहिल्या पाण्याला मी काकाजींच्या बागेत जातो. त्यांनी कधी बोलावलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही. आता सगळे मोबाइलवरून मोटर लावतात, ती यंत्रं मीच विकतो. काकाजींना मी फुकट बसवून देतो म्हटलं, ते नको म्हणाले. पान तेच पाहायचे, दिवस तेच ठरवायचे आणि हिरवं बटण तेच दाबायचे. मी आपला आळ्यापाशी फावडं घेऊन उभा.

यंदा त्यांच्यानं बागेत हिंडवत नाही. पाण्याला अजून चार दिवस आहेत असं त्यांनी धरलं होतं. तरी परवा मी पहाटेच गेलो. ते मोटरच्या खोलीबाहेर बाजेवर घोंगडं घेऊन बसले होते. मला म्हणाले, जरा पानं पाहून ये. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मी आत गेलो. ऊन पडायचं होतं. एक झाड पाहिलं, दुसरं पाहिलं, मधल्या ओळीत जाऊन पाच-सहा झाडं हातानं चाचपून पाहिली. रात्री चांगली थंडी होती, तरी पानं तशीच लोंबत होती. चार दिवस थांबण्यात अर्थ नव्हता. मी परत आलो, काकाजींना काही विचारलं नाही, सांगितलंही नाही. सरळ खोलीत जाऊन मोटर लावली. पाणी यायला थोडा वेळ लागला. मग पाइप धडधडला आणि पहिल्या आळ्यात पाणी पडायला लागलं.

बाहेर आलो तेव्हा काकाजी माझ्याकडे पाहत होते. रागानं नाही. थकलेल्या माणसाचं पाहणं होतं.

“म्हंजे तुले पान पाहाले येत होतं,” ते म्हणाले.

मोटरचा आवाज चालू होता. ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं.

“हो काकाजी,” मी म्हणालो. “येत होतं.”